एका ओळीच्या दोन ओळी

तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या काही पक्षीवेड्या मुलामुलींनी माझ्यावर एक काम सोपवलं. जगातल्या पक्ष्यांना मराठी नावं द्यायची होती. भारतातल्या पक्ष्यांचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे, मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ हाताशी आहे. उरलेल्या जगाचं काय, एवढंच बाकी होतं. मी गेली बावीस वर्षं गुवाहाटीत राहते, अनुवादावर पोट भरते आणि पक्ष्यांचं वेड मला वडिलांकडून आलं आहे, म्हणून बहुधा माझं नाव निघालं असावं. दक्षिण अमेरिकेतली सहा कुळं माझ्या वाट्याला आली. पाच वेळेत झाली. सहावं होतं रेनचं, आणि तिथे गाडी अडली.

‘ताई, त्यात अडायचं काय? रेन ते रेन,’ असं त्यांच्यातला एक जण फोनवर म्हणाला. तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. सह्याद्रीत रेन नाही, सातपुड्यात नाही. मराठीला त्याच्यासाठी शब्द घडवायची गरज कधी पडलीच नाही. या कुळात ऐंशीहून जास्त जाती आहेत आणि एक सोडून बाकी सगळ्या अमेरिकेच्या दोन खंडांतच राहतात. ती एकटी जात युरोप आणि आशिया ओलांडून हिमालयापर्यंत आली आहे. दख्खनला तिचे पाय लागलेले नाहीत.

पण रेन हा शब्द मात्र दख्खनभर हिंडून गेला आहे. बाबांकडे सलीम अलींच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ची एक जुनी, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली प्रत होती. अकोल्याच्या घरी ती देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असायची. त्यात ‘अ‍ॅशी रेन-वॉर्बलर’ अशा नावाचा एक पक्षी आहे आणि त्याच्या शेजारी बाबांनी पेन्सिलीने लिहिलंय : ‘राखी वटवट्या. पण रेन म्हणजे कोण?’ आमच्या परसातल्या तगरीच्या झुडपात शेपटी उभारून दिवसभर वटवट करणारा तो पक्षी. त्याचा आणि रेनचा नात्याने काही संबंध नाही. इंग्रज अधिकाऱ्यांना इथे एखादा लहानसा, झुडपांत लपणारा, शेपूट ताठ ठेवणारा पक्षी दिसला की त्यांना घरचा रेन आठवायचा, आणि ती आठवण त्या पक्ष्याच्या नावाला चिकटून राहायची. वटवट्याला आता इंग्रजीतही प्रिनिया म्हणतात. बाबांचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता.

मी राहते त्या भागात तर या आठवणींचा सुकाळ आहे. पूर्व हिमालयाच्या दमट रानात ‘रेन-बॅबलर’ नावाचे कितीतरी पक्षी आहेत, म्हणजे रेनसारखे दिसणारे सातभाई. त्यांच्यातल्या एका वंशाचं शास्त्रीय नाव स्पेलिऑर्निस, अर्थ गुहेतला पक्षी. खुद्द रेनच्या वंशाचं नाव ट्रॉग्लोडायटिस, अर्थ गुहेत राहणारा. गुहेत दोघंही राहत नाहीत. १९४७ च्या सुरुवातीला डिलन रिप्ली आणि सलीम अली मिश्मी टेकड्यांत होते, तेव्हा या वंशातला एक पक्षी हाती लागला. रिप्लींनी १९४८ मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं जगाकडे त्या जातीचा एवढा एकच नमुना होता. तो पक्षी रानात पुन्हा भेटला २००४ मध्ये. दुसरी गोष्ट त्याहून मजेची आहे. १८७४ मध्ये दार्जिलिंगकडच्या एका ठिपकेदार पक्ष्याचं वर्णन झालं आणि पुढे तो रेन-बॅबलर म्हणून याद्यांत बसला. २०१४ मध्ये पेर अल्स्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत आपले धनंजय मोहनही होते, त्याची जनुकं तपासली. निघालं असं, की तो रेनही नाही आणि सातभाईही नाही. त्याला जवळचा नातेवाईकच उरलेला नाही. एका पक्ष्यासाठी एक स्वतंत्र कूळ करावं लागलं. दोन शब्दांचं नाव, आणि दोन्ही शब्द चुकीचे.

हे सगळं मला माहीत होतं, म्हणूनच खऱ्या रेनच्या यादीशी बसताना जरा निर्धास्त होते. इथे तरी नाव आणि पक्षी एकमेकांना धरून असतील, असं वाटलं होतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. स्पीशीजसाठी वर्तमानपत्रांत हल्ली ‘प्रजाती’ लिहितात. मी जुन्या वळणाने स्पीशीजला जाती आणि जीनसला वंश म्हणते. ‘जाती’ या शब्दाला आपल्याकडे काय काय चिकटलेलं आहे ते मला ठाऊक आहे, आणि पुढे जे सांगायचं आहे त्यात ते चिकटलेलं असणं कदाचित उपयोगीच पडेल.

तर हेनिकोऱ्हिना हा रानरेनचा वंश. स्क्लेटर आणि सॅल्व्हिन यांनी १८६८ मध्ये त्याला हे नाव दिलं. मूठभर पक्षी, लांबी अकरा सेंटिमीटरच्या आसपास, पाठ तांबूस तपकिरी, शेपूट आखूड आणि वर वळलेली, चेहऱ्यावर काळ्यापांढऱ्या रेघा, डोळ्यावर पांढरी भुवई. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या ओल्या जंगलांत जमिनीलगतच्या दाटीत हे राहतात. दिसतात क्वचित, ऐकू मात्र सारखे येतात. एवढ्याशा जिवाचा आवाज इतका मोठा, की पहिल्यांदा मी संगणकावर तो ऐकला तेव्हा स्वयंपाकघरातून कुणीतरी शिट्टी वाजवतंय असं वाटून मी उठून पाहून आले. नर आणि मादी दोघंही गातात, पुष्कळदा एकमेकांच्या सुरात सूर मिसळून.

या वंशातल्या दोन जाती जुन्या. पांढऱ्या छातीचा रानरेन सखल भागातला; जर्मन पक्षीशास्त्रज्ञ काबानिस यांनी १८४७ मध्ये त्याचं वर्णन केलं. करड्या छातीचा रानरेन डोंगरांतला. योहान याकोब फॉन चुडी नावाचा स्विस तरुण १८३८ मध्ये पेरूला गेला, चार वर्षं तिथे भटकला, आणि त्याने आणलेल्या पक्ष्यांतून १८४४ मध्ये हे नाव बाहेर पडलं : ल्यूकोफ्रिस, पांढऱ्या भुवईचा. पुढे मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंतच्या डोंगरांतून तसेच पक्षी येत राहिले आणि बहुतेक सगळे त्याच नावाखाली जमा झाले. रंगात, मापात थोडा फरक दिसला की उपजाती करायची. अशा पंधराहून अधिक झाल्या. माझ्या यादीत ही एक ओळ होती : करड्या छातीचा रानरेन, मेक्सिको ते बोलिव्हिया. दहा मिनिटांत लिहून मी पुढे गेले होते.

मुलांनी कामाला जी इंग्रजी यादी दिली होती ती जुनी होती. काम अर्ध्यावर आलं असताना त्यांनी नवी पाठवली, ‘ताई, थोडेच बदल आहेत’ असं लिहून. त्या थोड्याच बदलांत माझी ती ओळ फुटली होती. एकीच्या दोन झाल्या होत्या. नवी ओळ होती ‘हर्मिट वुड रेन’, हेनिकोऱ्हिना अ‍ॅनाकोरेटा, आणि प्रदेशाच्या रकान्यात एकाच डोंगराचं नाव : सिएरा नेवादा दे सांता मार्ता.

आधी मी वैतागले. नंतर ही ओळ का फुटली ते शोधायला बसले, आणि पुढचे दोन महिने दुसरं काही धड झालं नाही.

सांता मार्ता हा कोलंबियाच्या उत्तर टोकाचा, अँडीजपासून सुटा पडलेला डोंगर. कॅरिबियन समुद्राच्या काठापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आत गेलं, की शिखरं साडेपाच हजार मीटरांच्या वर जातात. म्हणजे एका बाजूला नारळी आणि दुसऱ्या बाजूला बर्फ, मधे जेमतेम पुणे-लोणावळ्याएवढं अंतर. कोगी, अऱ्हुआको, विवा आणि कान्कुआमो हे तिथले मूळ रहिवासी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या डोंगरातून अमेरिकेतल्या संग्रहालयांकडे पक्ष्यांची कातडी जाऊ लागली. हार्वर्डच्या संग्रहालयातले आउट्रम बँग्स यांनी त्यांतल्या एका रानरेनला १८९९ मध्ये ‘अ‍ॅनाकोरेटा’ म्हटलं, म्हणजे एकांतात राहणारा. चार वर्षांनी रिजवे यांनी त्याच डोंगरातल्या दुसऱ्या एका रूपाला खुद्द बँग्स यांचंच नाव दिलं : बँग्साय. एक वरच्या थंड जंगलातला, एक खालच्या उबदार जंगलातला. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ दोघंही करड्या छातीच्या रानरेनच्या उपजाती म्हणून एकत्र नांदले.

आता यात एक गाठ आहे, आणि ती त्या काळातल्या हुशार माणसांना सलली नसेल असं मला वाटत नाही. उपजाती म्हणजे एकाच जातीची निरनिराळ्या मुलखांतली रूपं. ती जिथे भेटतात तिथे मिसळायला हवीत. सीमेवर अर्धी अशी, अर्धी तशी पाखरं दिसायला हवीत. मग एकाच उतारावर, मधे नदी नाही, दरी नाही, वाळवंट नाही, आणि वरचे ते वरचे, खालचे ते खालचे असे दोन उपजातींचे पक्षी शतकानुशतकं कसे राहतात?

कातड्यांच्या कपाटात याचं उत्तर मिळणं अवघड होतं. पक्षी मारला, पोटात कापूस भरला, पायाला चिठ्ठी बांधली, की जे उरतं ते रंग आणि मापं. हे मी कमी लेखून म्हणत नाही. फ्रँक चॅपमन यांनी १९१७ मध्ये अशाच कातड्यांवरून आणि चिठ्ठ्यांवर लिहिलेल्या उंचीवरून कोलंबियाच्या पक्ष्यांचा जो ग्रंथ उभा केला, त्यात उंचीनुसार पक्षी कसे बदलतात याचं चित्र आजही वाचावंसं वाटतं. १९२२ मध्ये टॉड आणि कॅरिकर यांनी खास सांता मार्ताच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिला; त्यांतले कॅरिकर तर कोलंबियातच स्थायिक झालेले. पण रानरेन स्वतःला ओळखतो आवाजाने. आवाज कपाटात राहत नाही.

ध्वनिमुद्रण हलकं आणि स्वस्त झालं तेव्हा या वंशाच्या याद्या हलू लागल्या. १९७७ मध्ये फिट्झपॅट्रिक, टर्बर्ग आणि विलर्ड यांनी पेरूच्या उत्तरेला कोर्दियेरा देल कोन्दोर या रांगेच्या माथ्यावरून पंखांवर पांढरे पट्टे असलेली एक जात जाहीर केली होती. ती अजून डोळ्यांना पटणारी होती. २००३ मध्ये जी जात जाहीर झाली तिची हकीकत निराळी. कोलंबियाच्या पश्चिम अँडीजमध्ये मुन्चिके नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, ढगांत बुडालेलं, खुरट्या झाडांचं. तिथला रानरेन वेगळं गातो हे आधी कानांना कळलं. छाती जरा गडद, पोटावर आडव्या रेघा, हा फरक त्याच्या मागून ठळक झाला. पॉल सालामान आणि सहकाऱ्यांनी त्याला कोलंबियाचे पक्षी-अभ्यासक आल्वारो होसे नेग्रेत यांचं नाव दिलं. याही डोंगरात उतारावर खाली करड्या छातीचा रानरेन आहेच.

सांता मार्ताचं कोडं हाती घेतलं ते कोलंबियाच्याच माणसांनी, आणि मला हे महत्त्वाचं वाटतं. लीना काऱ्हो, पाउला कायसेदो-रोसालेस, कार्लोस दानिएल कादेना आणि त्यांचे परदेशी सहकारी यांचा निबंध २०१३ मध्ये आला. त्यांनी उतारावर खालून वर जात पक्षी मोजले, त्यांचं गाणं मुद्रित केलं, रक्ताचे नमुने घेतले. मग त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं : पक्ष्यांना विचारलं. रानरेनच्या हद्दीत ध्वनिक्षेपक ठेवायचा आणि आधी त्याच्याच उंचीवरचं गाणं लावायचं, मग दुसऱ्या उंचीवरचं. हद्दीत कुणी परका आपल्या भाषेत बोलला तर घरधनी धावून येतो, गळा फाडून उत्तर देतो. परक्या भाषेत बोलला तर तेवढं मनावर घेत नाही. वरच्यांनी आणि खालच्यांनी, दोघांनीही आपल्या गाण्याला जास्त जोराने उत्तर दिलं. साधारण दोन हजार मीटरच्या आगेमागे ते एकमेकांच्या शेजारी राहतात, एकमेकांना ऐकतात, आणि त्यांच्या संकराचा पुरावा जवळजवळ सापडला नाही.

त्याहून चकित करणारी गोष्ट जनुकांत होती. एका डोंगरावरचे हे दोन शेजारी एकमेकांचे सख्खे भाऊ नसावेत, असं त्यातून दिसत होतं. एकाच पूर्वजाची वस्ती उतारावर पसरत जाऊन वर एक आणि खाली एक अशी फाटली, असं इथे घडलेलं नसावं; दोन निरनिराळ्या वेळी दोन वस्त्या त्या डोंगरावर आल्या असाव्यात. हे अनुमान त्यांनी फार हात राखून मांडलं आहे. २०१६ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी कोलंबियाच्या पक्षीशास्त्राच्या नियतकालिकात पुढचं पाऊल टाकलं : अ‍ॅनाकोरेटा ही स्वतंत्र जाती धरावी. जगातल्या प्रमुख याद्यांनी ते मान्य केलं. माझी ओळ तिथे फुटली.

मान्य केलं म्हणजे काय, तर समित्या बसल्या. दक्षिण अमेरिकेच्या पक्ष्यांसाठी एक वर्गीकरण समिती आहे. तिच्यापुढे प्रस्ताव येतात, सदस्य कारणं लिहून हो किंवा नाही म्हणतात. हे वाचताना मला कोकणी आठवली, आणि या नियतकालिकाच्या वाचकांनाही आठवेल. कोकणी ही मराठीची बोली की वेगळी भाषा, यावर आमच्याकडे किती शाई सांडली! साहित्य अकादमीने १९७५ मध्ये तिला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत गेली. बाबा या विषयावर तावातावाने बोलत आणि ते बोलीच्या बाजूचे होते. मी त्यांच्याशी तेव्हा वाद घातला नाही, आज घातला असता. पण तुलना मी फार ताणणार नाही. भाषा एकमेकींकडून उसनं घेतात, लग्नं लागतात, मुलं दोन्ही बोलतात. सांता मार्ताच्या रानरेनचं तसं नाही. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ती आडव्या अंतरावर. तिथे ती चढावर बदलते, आणि बदलली की शेजारणीशी सोयरीक तुटते.

याच सुमारास मला कळलं, की माझा स्वतःचा हिमालयातला रेनही असाच एका मोठ्या ओळीतून सुटा झालेला आहे. २०१० पर्यंत युरोपचा, हिमालयाचा आणि उत्तर अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवरचा असे हे सगळे एकच जात समजले जात. ट्यूज आणि अर्विन हे दोन संशोधक कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, टम्बलर रिज नावाच्या गावाजवळ, एकाच रानात दोन तऱ्हांनी गाणारे रेन शोधत गेले. गाणं वेगळं तशी जनुकंही वेगळी निघाली, आणि त्यांचा २००८ चा निबंध वाचून अमेरिकेच्या यादीने दोन वर्षांत एकाचे तीन केले.

‘ओळी फोडून पोट भरतात हे लोक,’ असं माझे एक जुने मित्र म्हणतात. थोडं खरं असेल. पण ओळ फुटली की शेजारचा रकानाही बदलतो. करड्या छातीचा रानरेन मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंत पसरलेला आहे. त्याची चिंता कुणी करायचं कारण नाही. अ‍ॅनाकोरेटा त्या ओळीत होता तोवर त्याच्या डोंगरावरचं जंगल गेलं असतं, तरी कागदावर काही हललं नसतं. वेगळा झाल्यावर त्याचं सगळं जग म्हणजे एका डोंगराचा वरचा भाग. मुन्चिकेच्या रानरेनला स्वतंत्र नाव मिळाल्यानंतर त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली होती. नावाआधी नोंद होणं शक्यच नव्हतं. आणि वर राहणाऱ्यांना वर सरकायला जागा मर्यादित असते. पेरूतल्या पान्तियाकोया नावाच्या एका डोंगरधारेवर फिट्झपॅट्रिक, तेच १९७७ चे, १९८५ मध्ये पक्षी मोजून आले होते. २०१७ मध्ये त्यांच्या खुणांवरून नव्या लोकांनी पुन्हा मोजणी केली. पक्षी वर सरकले होते, आणि माथ्याजवळचे पूर्वी नेहमी दिसणारे काही सापडलेच नाहीत. त्या धारेला पुढे चढ नव्हता.

माझ्यापुढे मात्र अजून नावाचाच प्रश्न होता. ‘सांता मार्ता रानरेन’ लिहिलं, तर त्या डोंगरावर दोघं आहेत. बँग्साय कुठे जाणार? ‘एकांतवासी’ म्हटलं तर हा जोडीने राहणारा, जोडीने गाणारा पक्षी. वटवट्याला रेन म्हणणाऱ्यांना मी नावं ठेवत होते आणि जोडप्याने संसार करणाऱ्याला संन्यास देण्याची पाळी आता माझ्यावर आली होती. आठवडाभर दहा-बारा शब्द लिहून खोडले. शेवटी ‘बैरागी रानरेन’ असं लिहिलं. आमच्या गावाकडे आलेले बैरागी मला आठवतात. तेही पुष्कळदा बायकोसह यायचे आणि दोघं मिळून गायचे.

प्रदेशाच्या रकान्यात डोंगराचं नाव आणि ‘वरचं जंगल’ एवढं लिहिलं. त्याच्या वर करड्या छातीच्या रानरेनची ओळ होती, मेक्सिको ते बोलिव्हिया, आणि बँग्साय अजून तिच्याच पोटात होता. दोन्ही ओळींच्या मधे मी एक ओळ रिकामी सोडली. फाइल नीटनेटकी करताना पुण्याच्या मुलाने ती काढून टाकली. मी पुन्हा घातली. त्याने विचारलं, ‘ताई, ही कशाला?’ मी म्हटलं, असू दे रे, लागेल.